हात वाळेपर्यंत

आमच्या घरात जेवायची जागा नव्हती. ती रोज दोनदा करावी लागायची. स्वयंपाकघर ८ बाय १०. त्यात ओटा, पाण्याचं पिंप, भांड्यांची मांडणी आणि कोपऱ्यात देव. उरलेल्या जागेत चार पाट बसायचे. पाचवा मांडला की वाढणारीला पाऊल टाकायला जागा उरत नसे. माणसं नऊ. म्हणजे दोन पंगती आणि त्यामागे एक शेपूट. शेपटात आजी आणि आई. जेवणं उरकली की पाट भिंतीला उभे, खरकटं काढलं, ओलं फडकं फिरलं, आणि तिथे कुणी जेवलं होतं याची काही खूण उरायची नाही.

पहिली पंगत शेवटच्या ताकभाताशी आली की आजी दारातून म्हणायची, "हात वाळवत बसू नका."

जेवण झालं तरी उठवत नाही, कुणीतरी काहीतरी विषय काढतो, उष्टा हात तसाच ताटाच्या काठावर राहतो आणि बोटांवर वरणभाताचा पापुद्रा धरतो. हे सुख ऐसपैस माजघर असलेल्यांचं. आमच्या मागे दुसरी पंगत भुकेली उभी असायची. त्यामुळे आमच्या घराण्यात कुणाला जेवताना बोलायची सवयच लागली नाही, असं माझं मत आहे. बायको म्हणते, सवयीचा प्रश्न नाही, तुम्ही लोक मुळातच घुमे आहात. असू.

घर पुण्यात पर्वतीच्या पलीकडच्या एका पूरग्रस्त वसाहतीतलं. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, त्या लोंढ्यानं खाली खडकवासल्याचं धरण नेलं आणि दुपारपर्यंत नदीकाठच्या पेठांमध्ये पाणी शिरलं. लकडी पूल पाण्याखाली गेला. आदल्या रात्री धरणावर जवान वाळूची पोती रचत होते; त्यामुळे फुटायचं ते दिवसाउजेडी फुटलं, नाहीतर माणसं झोपेत गेली असती. आजोबांचं बिऱ्हाड नारायण पेठेत एका वाड्यात होतं. वाड्याचं पुढे काय झालं ते एका शब्दात सांगता येतं: गाळ. दोन वर्षांनी आजोबांना या वसाहतीत घर मिळालं. बाहेरची खोली, मधली खोली, स्वयंपाकघर, मागे न्हाणी. शहाबादी फरशी, विटांच्या भिंती, वर मंगलोरी कौलं.

वाड्यातून आलेल्या माणसांना या घरात एकच गोष्ट सापडेना, ती म्हणजे माजघर. मधली खोली होती, पण ती निजायची. आपल्याकडे घराच्या भागांना किती नावं आहेत बघा: ओटी, पडवी, सोपा, माजघर, देवघर, कोठीची खोली, बाळंतिणीची खोली. जेवायच्या खोलीला मात्र नाव नाही. 'भोजनगृह' म्हटलं की खानावळीची पाटी डोळ्यांपुढे येते. जेवण माजघरात व्हायचं, लग्नामुंजीत मांडवात किंवा अंगणात. पाट जिथे मांडाल तिथे जेवायची खोली. सोयीचंच होतं म्हणायचं, ज्यांना पाट मांडावे लागत नव्हते त्यांच्या.

१९८६ साली बाबांनी बाजूच्या मोकळ्या जागेत स्लॅबची एक खोली आणि तिच्यावर आणखी एक चढवली. सिमेंटवरचं सरकारी नियंत्रण तेव्हा नुकतं सैल झालं होतं. त्याच सिमेंटच्या कोट्याच्या प्रकरणात चारच वर्षांपूर्वी राज्यात मुख्यमंत्री पायउतार झाले होते. बाबा अजूनही पोत्यांचा हिशेब सांगताना आवाज खाली आणतात. निजायची सोय तिकडे गेली. काका त्यांच्या घरी गेले, आजोबा-आजी गेले, आणि मधली खोली हळूहळू अडगळीची झाली. शिलाई मशीन, गोदरेजचं कपाट, गाद्यांची चळत, माझ्या मुलीची जुनी सायकल. चाळीस वर्षं आम्ही तिच्यातून फक्त ये-जा केली. त्याच चाळीस वर्षांत जेवणाचे पाट जाऊन ताट हातात घेऊन जिथे बूड टेकेल तिथे जेवायची पद्धत आली. बाबा टीव्हीपुढे, मुलगी पलंगावर, मी मागच्या दारात आणि आई ओट्याशी, सगळ्यांच्या शेवटी, उभ्यानं.

मग आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, फार वेळ उभं राहायचं नाही. आई घरी आल्यावर पहिल्याच दुपारी लक्षात आलं की या अटी पाळून आमच्या घरात जेवता येईल अशी एकही जागा नाही.

बायको म्हणाली, मधली खोली रिकामी करू या. टेबल ठेवू. आई म्हणाली, "तिथे अंधार आहे, आणि स्वयंपाकघरातून मला कुणाचं काय संपलंय ते दिसणार नाही." दोन्ही खरं होतं. मधल्या खोलीला बाहेरची भिंतच नव्हती, त्यामुळे खिडकी नव्हती. म्हणजे तिची आणि स्वयंपाकघराची मधली भिंत काढायची आणि उजेड वरून आणायचा.

भिंत काढायची, हे बोलायला दोन शब्द. एक ओळखीच्या स्ट्रक्चरल इंजिनिअर बाई येऊन बघून गेल्या. त्यांनी भिंतीकडे पाहिलंच नाही, मान वर करून छपराकडे पाहत राहिल्या. आमचं छप्पर दुपाखी. मधली भिंत थेट आढ्यापर्यंत गेलेली, दोन्ही पाख्यांचे वासे तिच्याच डोक्यावर टेकलेले. "ही भिंत दोन खोल्यांच्या मधली नाही," त्या म्हणाल्या, "ही छपराखालची आहे. खोल्या तिच्या आडोशाला बसल्यात." मला हे फार आवडलं. बाबांना नाही आवडलं. त्यांना वाटलं बाई नाही म्हणतायत.

बाई नाही म्हणत नव्हत्या. भिंत पाडायची नाही, तिच्यात दार काढल्यासारखं उघडायचं: दहा फुटांपैकी आठ फूट. दोन्ही टोकांना फूट-फूट भिंत तशीच ठेवायची आणि वरचा भार लोखंडी गर्डरवर घ्यायचा. एक जाड गर्डर नव्हे, दोन. भिंत नऊ इंची. आधी एका बाजूनं भिंतीच्या अर्ध्या जाडीइतकी खाच काढायची, पहिला गर्डर त्यात सारायचा, वरची फट घट्ट भरायची, ती सुकू द्यायची. मग दुसऱ्या बाजूनं तसंच. दोन्ही गर्डर भार घेऊ लागल्यावरच खालच्या विटा काढायच्या. टोकांना विटांवर थेट लोखंड टेकवायचं नाही. तिथे काँक्रीटचे ठोकळे घालायचे, नाहीतर गर्डरखालची वीट भरडून जाईल. आठ इंची आय-गर्डर मीटरला साधारण २५ किलोचा, आमचे नऊ-नऊ फुटांचे. चार माणसांनी खांद्यावरून आणले तेव्हा गल्लीतली सगळी म्हातारी मंडळी फाटकाशी आली. या वसाहतीत घरात काहीतरी जड चाललंय म्हटलं की जुन्या लोकांना अजून बाहेर यावंसं वाटतं.

मिस्त्री साठीचे होते, बोलायला माझ्या घराण्यातले शोभतील असे. दोन दिवस त्यांनी काहीच तोडलं नाही. नुसते टेकू लावले. भिंतीच्या वरच्या अंगाला आरपार भोकं पाडून त्यांतून आडवी लाकडं घातली, दोन्ही बाजूंना लोखंडी टेकू उभे केले, खाली फळ्या. मग प्रत्येक टेकूवर बोटानं टकटक करून कान देत फिरले. जो टेकू भार घेतो त्याचा आवाज वेगळा येतो म्हणाले. मी पण टकटक करून पाहिलं. मला सगळे सारखेच वाटले.

शेवटच्या दिवशी विटा निघाल्या तेव्हा बाबा खुर्ची टाकून समोर बसले होते. सगळे विचारतात, जुन्या भिंतीत काय सापडलं? काही नाही. विटा, माती आणि एका खाचेत कोंबलेला कागदाचा बोळा, ज्यावर वाचण्यासारखं काही उरलं नव्हतं. राडारोडा मात्र भिंत होती त्याच्या तिप्पट झाला. तो नेणाऱ्या टेम्पोवाल्याशी झालेली हुज्जत हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

चाळीस दिवस घर धुळीत होतं. स्वयंपाक बाहेरच्या खोलीत इंडक्शनवर, भांडी न्हाणीत. जेवायला आम्ही मागच्या पायऱ्यांवर बसायचो, एकाखाली एक, पाचही जण, ताटं मांडीवर. आईला वरची पायरी, कारण तीच गुडघ्याला सोयीची उंच. सगळे एकाच वेळी जेवतायत ही गोष्ट आमच्याकडे तेव्हा पहिल्यांदा घडली, आणि ती कुणाच्या लक्षात आली नाही, कारण सगळ्यांचं लक्ष ताटात धूळ पडू नये याकडे होतं.

मधे ओलीचं प्रकरण निघालं. मधल्या खोलीच्या भिंतीला दर पावसाळ्यात कमरेपर्यंत ओल चढायची. काही वर्षांपूर्वी एका माणसानं पक्का इलाज म्हणून जुना गिलावा काढून सिमेंटचा केला होता आणि वर ऑइलपेंट. पुढच्या पावसाळ्यात ओल छातीपर्यंत आली. आता कारण कळलं. जमिनीतलं पाणी वीट वर शोषते. जोत्यात ते अडवायला काही घातलेलं नसलं की ते चढतच राहतं. भिंतीला श्वास घेता आला तर खालच्या खाली सुकून जातं. आम्ही तिचं तोंड सिमेंटनं आणि रंगानं बांधलं, मग ते वाट मिळेपर्यंत वर गेलं. पोपडे आणि पांढरा क्षार म्हणजे त्याला सापडलेली वाट. सगळं खरवडून विटा उघड्या केल्या आणि मार्च-एप्रिल तशाच ठेवल्या. पुण्याचा उन्हाळा फुकटात जे काम करतो ते कुठल्याही डब्यातलं रसायन करणार नाही. मग चुन्याचा गिलावा, वर चुन्याचीच सफेदी. हाताला लागते, कपड्यांना लागते, पण गेल्या पावसाळ्यात ओल गुडघ्याच्या वर आली नाही. घरात सध्या सगळ्याच गोष्टी आम्ही गुडघ्यानं मोजतो.

उजेडाचं काम सगळ्यांत सोपं निघालं. मंगळूरला बासेल मिशनच्या लोकांनी १८६५ साली कौलांचा कारखाना काढला, तेव्हापासून या कौलाचा घाट फारसा बदललेला नाही. त्याच घाटाची काचेची कौलं मिळतात. सहा मातीची काढली, सहा काचेची बसवली, झालं. सकाळी उजेडाचे सहा चौकोन भिंतीवर असतात, दुपारी बाराच्या सुमाराला फरशीच्या मधोमध येतात. टेबल तिथेच ठेवायचं हे मग कुणी ठरवावं लागलं नाही.

टेबलासाठी भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून जुना साग आणला. पडलेल्या वाड्यांचं लाकूड तिथे येतं. आमच्या फळ्यांना जुन्या खिळ्यांची भोकं होती. सुतार म्हणाला भोकांत लांबी भरून देतो, आम्ही म्हटलं राहू दे. मापं मी वाचून ठेवली होती. टेबल ३० इंच उंच, खुर्चीची बैठक जमिनीपासून १८ इंच, माणशी दोन फूट रुंदी, खुर्ची मागे सारायला निदान अडीच-तीन फूट जागा. दहा बाय दहाच्या खोलीत ५ बाय ३ चं टेबल नेमकं बसतं. मी कागदावर काढून दाखवलं. बाबांनी बघितलं आणि म्हणाले, "खुर्चीला हात नकोत."

का, ते टेबल आल्यावर कळलं. ते खुर्चीवर मांडी घालून बसतात. म्हणजे खुर्ची ही त्यांच्या लेखी उंचावलेला पाट. सुतारानं काही न विचारता बैठक १८ ऐवजी २१ इंच रुंद केली. म्हणाला, वयस्कर गिऱ्हाईक असलं की मी तशीच करतो. खुर्च्या विकणाऱ्या कंपन्यांना हे ठाऊक नाही, किंवा ठाऊक असून त्या दुर्लक्ष करतात.

सगळं मिळून तीन लाख म्हणता म्हणता पावणेपाच झाले. आणि दोन महिन्यांत टेबलावर काय होतं सांगतो. पेपर, लाइटबिल, औषधांचे दोन डबे, मुलीची वह्या-पुस्तकं, निवडायची मेथी, चष्मा, दुसरा चष्मा. पाट उचलून भिंतीला लावता यायचा, टेबल येत नाही. त्याला रिकामं राहणं माहीत नाही. दुपारी जो तो आपापल्या वेळेला येतो, कोपऱ्यातला पसारा कोपरानं सारतो आणि जेवतो. जेवायची खोली म्हणून बांधलेल्या खोलीत पाच माणसं एकत्र बसतात ती फक्त रात्री, तेही बायकोनं साडेआठला टीव्ही बंद करायचा नियम केला म्हणून.

आईची तक्रार वेगळीच. तिची उंची चार फूट अकरा. १८ इंच उंचीच्या खुर्चीवर तिचे पाय जमिनीला लागत नाहीत, लोंबकळतात, आणि लोंबकळले की गुडघे धरतात. तिनं पायाखाली डालड्याचा जुना डबा घेऊन पाहिला, तो निसटला. मुलीनं दप्तर दिलं. शेवटी माझ्या मनात आलं, माळ्यावर पाट आहेत की. दोन पाट जुने आहेत, नारायण पेठेतल्या वाड्यातले. पुरानंतर जिन्याखाली गाळात रुतलेले सापडले होते. फुगून वाकडे झालेले, पण सागाचे. उंचीला बरोबर.

"पाटावर पाय?" बाबा म्हणाले. "ज्यावर बसून जेवलो त्याला पाय लावायचा?"

आई म्हणाली, "अहो, राहू द्या. मला डबा पुरतो."

विषय संपला. आमच्याकडे विषय असेच संपतात.

मग श्रावणातल्या एका सोमवारी. उपास सोडायला वरण-भात, अळूचं फदफदं, घोसाळ्याची भजी. पाऊस कौलांवर धरून होता. भजी तळणं बायकोनं अंगावर घेतलं आणि आईला आधी बसवलं. उघड्या भिंतीतून ती गरम भजी नुसती हात लांब करून देत होती. जेवणं झाली, बायकोही येऊन बसली, आणि कुणी उठलं नाही. उठायला कारणच नव्हतं. मागे दुसरी पंगत नव्हती, फडकं मारायचं नव्हतं. मुलगी काचेच्या कौलांवरून ओघळणारं पाणी बघत होती. तिनं विचारलं, "आबा, पुराच्या दिवशी असाच पाऊस होता का?"

पुराची गोष्ट बाबा तीन वाक्यांत सांगतात. धरण फुटलं. आम्ही पर्वतीवर पळालो. घर गेलं. ती तीन वाक्यं त्यांनी सांगितली. मग ताटाच्या काठावर हात तसाच ठेवून थांबले. मी बघितलं, हात पार वाळला होता.

"दुसऱ्या दिवशी आम्हाला एका शाळेत नेलं," ते म्हणाले. "वर्गातली बाकं बाहेर काढून सतरंज्या टाकल्या होत्या. कुणीतरी भाकरी आणि आमटी आणली. सगळ्यांना एकदमच बसवलं. बायका, पुरुष, पोरं, सगळी एका ओळीत. वाढायला दुसरेच लोक होते ना. माझ्या शेजारी आई बसली होती. मी नऊ वर्षांचा. आईला जेवताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं."

कुणी काही बोललं नाही.

"भराभर जेवत होती," बाबा म्हणाले. "मला वाटलं, एवढी भूक लागते हिला?"

आईनं आपल्या हाताकडे बघितलं, वाळलेलं वरण अंगठ्यानं खरवडलं. "भूक नसेल हो," ती म्हणाली. "सवय असेल. कुणीतरी हाक मारायच्या आत संपवायची."

मग पाऊस ओसरल्यावर एकेक जण हात धुवायला उठला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेपर उचलायला टेबलाशी गेलो तर आईच्या खुर्चीपुढे, टेबलाखाली, पाट होता. बाबांनी तो माळ्यावरून कधी काढला कुणाला कळलं नाही. त्यांना शिडीवर चढायची बंदी आहे. पाट पुसलेला होता आणि उलटा घातलेला. म्हणजे बसायची बाजू जमिनीकडे, खालच्या दोन पट्ट्या वर. जेवायच्या बाजूला पाय लागत नाही.

आई नाश्त्याला येऊन बसली, खाली वाकून बघितलं आणि काही न बोलता डावा पाय डाव्या पट्टीवर ठेवला, उजवा उजव्या.